सत्तरीच्या आई-बाबांना बसच्या ग्रुप टूरने शिमला-मनालीला पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की आई ६६, बाबा ७१, दोघांची तब्येत वयाच्या मानानं बरी. आठ दिवसांची टूर, चंदीगडहून शिमला, मनाली आणि परत चंदीगड, सगळं बसनं. झेपेल का, की वेगळी गाडी करून द्यावी?

झेपेल. पण टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत 'पॉइंट' किती दिलेत ते बघू नका. कागद-पेन घेऊन प्रत्येक दिवसाचे बसमधले तास लिहा आणि मुक्काम किती ठिकाणी बदलायचाय ते लिहा. एका हॉटेलात सलग दोन-तीन रात्री असतील तर टूर चांगली. रोज सकाळी बॅगा भरून खाली आणायच्या असतील तर फुकट दिली तरी नको.

मी दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात हीच टूर केली. सोबत माझी आई आणि सासूबाई. हो, दोघी एकाच बसमध्ये. नवऱ्याला रजा मिळाली नाही, असं त्याचं म्हणणं आहे. मी आपली 'दोघींना सांभाळायला' म्हणून गेले. शिमल्याहून मनालीला जाताना दाडलाघाटाच्या आसपास, सिमेंटच्या ट्रकांच्या रांगेमागे बस रखडत होती, तेव्हा पिशवीत तोंड घालून मी बसले होते आणि आई माझी पाठ चोळत होती. सासूबाई पुढच्या सीटवरून मागे लिंबू पाठवत होत्या. दोघींना काहीही झालं नाही. त्यामुळे गाडी वयाप्रमाणे लागते हा समज आधी काढून टाका.

आपल्याकडे घाट म्हणजे तासाभराचा मामला. आम्ही कोल्हापूरचे, आंबा घाट उतरला की संपला घाट. तिकडे सकाळी नाश्ता करून बसलात की संध्याकाळपर्यंत घाटच. शिमला ते मनाली अंतर सुमारे २५० किलोमीटर. पत्रिकेत 'सात-आठ तास' लिहिलं होतं. आम्ही सकाळी साडेसातला निघालो आणि हॉटेलच्या दारात उतरलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. त्यात जेवण, दोन चहा आणि रस्त्याच्या कामामुळे अडलेला एक तास धरा. त्या भागात रस्त्याचं काम नाही असा दिवस विरळाच. या टूरमधला सगळ्यात जड दिवस हाच. तो निभावला की बाकीचं काही वाटत नाही. म्हणून बुकिंगच्या आधी नेमकं विचारा: या दिवशी सुटायची वेळ काय, दुसऱ्या दिवशी सकाळी काय ठेवलंय? दुसरा दिवस मोकळा किंवा गावातल्या गावात असेल, म्हणजे हडिंबा मंदिर, मॉल रोड वगैरे, तर टूर आखणाऱ्यानं म्हाताऱ्या माणसांचा विचार केलाय असं समजा. दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला उंचावरची रोहतांग खिंड लावली असेल तर केलेला नाही.

'वाटेत पाहू' या शब्दांकडेही लक्ष ठेवा. आमच्या पत्रिकेत पंडोह धरण होतं. तिथे बियासचं पाणी अडवून डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून सतलजकडे वळवलंय. टूर मॅनेजरनं माईकवर हे फार छान सांगितलं, पण बस थांबली नाही. ज्यांच्या बाजूला धरण आलं त्यांना दिसलं, बाकीच्यांना समोरच्या माणसाची टोपी दिसली.

आता सीटचं. बहुतेक टूरवाले रोज सीट बदलतात, आज पुढे तर उद्या दोन ओळी मागे. हे चांगलं आहे आणि त्यावरूनच सगळी भांडणं होतात. आमच्याकडे एक काका रोज सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या सीटवर नॅपकिन टाकून ठेवायचे. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तो नॅपकिन नीट घडी घालून त्यांच्या हातात दिला आणि 'तुमचा राहिला होता वाटतं' म्हणाल्या. प्रश्न मिटला. पण बाबांना गुडघ्याचा किंवा कमरेचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा की शेवटची ओळ नको. मागच्या चाकाच्याही मागे बसलं की प्रत्येक खड्डा पाठीत बसतो, आणि गाडी लागायचीही तिथेच जास्त. मधल्या ओळी सर्वांत बऱ्या.

गाडी लागते ती मुख्यतः कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि डोळे यांचं जमत नाही म्हणून. डोळे मोबाइलवर स्थिर आणि शरीर मात्र वळणावर वळण घेतंय. तेव्हा घाटात मोबाइल बंद, नजर लांबच्या डोंगरावर. ॲव्होमिन ही गाडी लागण्यावरची गोळी आपल्या घराघरात असते, पण ती बस सुटायच्या आधी तासभर घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. मी हेच चुकले. ती घेतल्यावर झोपही येते, त्यामुळे अर्धा हिमाचल पेंगेत जातो. आणि बाबांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. लघवी अडणं, डोळ्यांचा दाब वाढणं असे प्रकार या गोळीनं होऊ शकतात.

एक गोष्ट कुणी बोलत नाही. वयस्कर बायका टूरवर पाणी पीत नाहीत. मधेच 'जायचं' झालं तर चाळीस माणसांची बस कशी थांबवायची, या संकोचानं. माझ्या आईनं पहिले दोन दिवस दिवसभरात जेमतेम दोन-तीन पेले पाणी प्यायलं असेल. मग डोकं दुखलं, पोट अडलं, आणि हवा मानवत नाही असं तिनं ठरवून टाकलं. शेवटी मी टूर मॅनेजरला बाजूला घेऊन सांगितलं. मुलगा समजूतदार होता. दर दोन तासांनी तो स्वतःच माईकवर 'चला, पाय मोकळे करून घेऊ' म्हणायला लागला. त्या पाय मोकळे करण्यात अर्धी बस उतरायची! म्हणजे अडचण सगळ्यांचीच होती. शिवाय बसून बसून पाय सुजतात, तेही कमी झालं. तुम्ही बुकिंग करताना हे स्पष्ट विचाराच, लाजू नका.

हॉटेलबद्दल माझी तक्रार आहे ती तारांकनाची नाही, पायऱ्यांची. शिमला डोंगराच्या उतारावर वसलंय. रस्ता वरून जातो, म्हणून बऱ्याच हॉटेलांचं रिसेप्शन सगळ्यात वरच्या मजल्यावर असतं आणि खोल्या खाली खाली उतरत जातात. आम्हाला मिळालेली खोली चार मजले खाली होती आणि लिफ्ट नव्हती. सासूबाई पहिल्या संध्याकाळी एकदा चढल्या आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला येणार नाही म्हणाल्या. फोनवर 'ग्राउंड फ्लोअर द्या' असं सांगितलं होतं, पण तिथे ग्राउंड फ्लोअर म्हणजे नेमका कुठला हाच वादाचा मुद्दा! तेव्हा विचारताना असं विचारा: गाडी जिथे थांबेल तिथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, आणि जेवणाच्या हॉलपर्यंत किती? मोठी बस काही ठिकाणी हॉटेलपर्यंत जातही नाही, मग छोट्या गाड्यांतून नेतात. मॉल रोडवर तर पर्यटकांच्या गाड्यांना मज्जावच. खालच्या कार्ट रोडवरून वर जायला लिफ्ट आहे, तिचं तिकीट काढा, बाबांना चढवत नेऊ नका.

उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगते. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. शिमला सुमारे २२०० मीटर, म्हणजे तुमचे आई-बाबा कळसूबाईच्याही वर झोपणार आहेत. तेवढ्यानं काही होत नाही, मनालीतही नाही, जिना चढताना जरा धाप लागते इतकंच. विचार करायचा तो रोहतांगचा. ३९७८ मीटर, आणि मनालीहून काही तासांत तिथे पोचता. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांचा स्पष्ट होकार हवा. शिवाय तिथे रोज ठराविकच गाड्यांना परवाना मिळतो आणि मंगळवारी रस्ता दुरुस्तीसाठी पर्यटकांना बंद असतो. टूरची मोठी बस वर नेत नाहीत, स्थानिक टॅक्सी करतात. तिचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे, हे लेखी घ्या.

आम्ही रोहतांग सोडलं आणि त्याच डोंगराखालच्या अटल बोगद्यातून पलीकडच्या लाहौल खोऱ्यातल्या सिस्सू गावाला गेलो. हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर. आधी मनालीहून लाहौलमध्ये उतरायला रोहतांग ओलांडावाच लागायचा, आता बोगद्यात शिरायचं आणि पलीकडे निघायचं. अलीकडे देवदार, पलीकडे बाहेर आलं की झाडंच नाहीशी, नुसते तपकिरी कडे आणि वर बर्फ. बसमध्ये एकदम शांतता पसरली. सिस्सू साधारण ३१०० मीटरवर, त्यामुळे श्वासाचा त्रास कुणाला झाला नाही. वाटेत भाड्यानं घेतलेला गुलाबी फरचा कोट साडीवर चढवून सासूबाईंनी चंद्रा नदीकाठी फोटो काढला, तो आजही त्यांच्या व्हॉट्सॲपवर आहे. कोटाला आदल्या कुणाच्या तरी घामाचा वास येत होता. ते फोटोत दिसत नाही.

महिना मे-जूनचा पूर्वार्ध किंवा ऑक्टोबर बघा. जुलै-ऑगस्टमध्ये स्वस्त मिळतं म्हणून जाऊ नका. दरडी कोसळतात, आणि जुलै २०२३ मध्ये बियासला पूर आला तेव्हा मंडी-मनालीचा महामार्गच जागोजागी वाहून गेला होता.

खाण्याची काळजी सोडा. मराठी टूरवाले पोहे-उपमा-वरणभात घालतातच, उलट जास्तच घालतात.

राहिला प्रश्न वेगळ्या गाडीचा. गाडीत हवं तिथे थांबता येतं, झोप आली तर थांबून झोपता येतं, नॅपकिनवाले काका नसतात. तुम्ही स्वतः बरोबर जाणार असाल किंवा दोघांपैकी एकाची तब्येत खरंच नाजूक असेल तर गाडीच करा. पण दोघंच जाणार असतील तर मी बसच म्हणेन. दरड पडली, हॉटेलनं खोली नाकारली, कुणाला रात्री ताप आला, तर निस्तरायला टूर मॅनेजर असतो आणि सोबतीला चाळीस माणसं असतात. गाडीत एक अनोळखी ड्रायव्हर आणि हे दोघं, बोलून बोलून किती बोलणार? आमच्या बसमधल्या सहा बायकांचा ग्रुप अजून चालू आहे. माझी आई आणि सासूबाई, ज्या आधी लग्नकार्यापुरत्या बोलायच्या, त्या आता मला न विचारता पुढच्या वर्षीची टूर ठरवतायत. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

सामानात आवळासुपारीच्या दोन डब्या टाका. एक बसमधलीच माणसं संपवतात.