ग्लुकोज मोडायचं की बनवायचं, पेशीला कळतं कसं?

प्रश्न: ग्लुकोज मोडणं आणि बनवणं दोन्ही लिव्हरच्या एकाच पेशीत होतं ना, मग एकदम चालू का होत नाही? – बीएस्सीची विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर: अगदी मुळाचा प्रश्न विचारलास. दोन्ही जोरात चालले तर एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, नुसता जळेल, हाती काहीच नाही. बरीचशी एन्झाइम्स (क्रिया घडवणारी प्रथिनं) दोन्हीकडे तीच आहेत गं, पण तीन पायऱ्या एकेरी आहेत, तिथे जाताना एक एन्झाइम आणि येताना दुसरं, आणि मेन कंट्रोल तिथेच. त्यातली पीएफके-1 या मोडायच्या दिशेच्या एन्झाइमची पायरी नीट बघ. फ्रुक्टोज 2,6-बिसफॉस्फेट नावाचा रेणू आहे, 1980 मधे सापडला, तो पीएफके-1 चा वेग वाढवतो आणि त्याच वेळी उलट, म्हणजे बनवायच्या दिशेच्या एफबीपेज-1 या एन्झाइमला दाबतो. उपाशी असलो की ग्लुकागॉन हे हार्मोन वाढतं, लिव्हरमधे हा रेणू कमी होतो आणि ग्लुकोज बनायला लागतं, जेवलो की इन्सुलिनमुळे बरोब्बर उलटं. नावं नंतर पाठ कर, आधी हे एका रेणूचं दोघांवर उलटं काम डोक्यात बसव.

प्रश्न: एकादशीला फक्त साबुदाण्याची खिचडी खातो, दिवसभर चरबी जळत असेल ना? – पंचवटीतले एक काका

उत्तर: काका, खिचडी खाल्ल्यावर काही तास तरी फारशी नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्च, त्याने इन्सुलिन वाढतं, मग लिव्हर चरबी बनवायच्या तयारीला लागतं आणि त्यात मॅलोनिल-कोए नावाचा मधला रेणू तयार होतो. हेच मॅलोनिल-कोए सीपीटी-1 या एन्झाइमला अडवतं, आणि सीपीटी-1 शिवाय लांब फॅटी अॅसिड मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जळायला जाऊच शकत नाही! म्हणजे बनवायच्या रस्त्यावरचाच माल जाळायचं दार लावून घेतो, मला तर हा सगळ्या मेटाबॉलिझममधला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. उपास श्रद्धेने जरूर करा, पण शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न: द्राक्षरसात हवा असली तरी यीस्ट अल्कोहोल का करतं? – द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

उत्तर: कारण रसात साखर भरपूर असते दादा. ग्लुकोज जास्त असलं की वाइनचं यीस्ट श्वसनाच्या (हवेतला ऑक्सिजन वापरून जाळायच्या) एन्झाइम्सचे जीनच दाबून ठेवतं. साखर संपली आणि हवा असली की तेच यीस्ट अल्कोहोल खायला लागतं, पण त्याआधी नवी एन्झाइम्स बनवावी लागतात, म्हणून या बदलाला तास लागतात. वरच्या दोन उत्तरांतलं, रेणू एन्झाइमला चिकटून होणारं काम मात्र क्षणात होतं.