हर्णैहून मालवणला, छोट्या शिडाच्या होडीतून

पहिलीच लांबची सफर ना? मग उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, तो पाठीशी राहतो. उलट निघालास तर रोज त्याच्याशी झगडशील. पहाटे मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा असतो, तेवढ्यात खाडीबाहेर पड आणि दिवस मावळायच्या बराच आधी नांगर टाक. अंधारात जाळ्यांचे बोये दिसत नाहीत.

खाडीच्या मुखाचं मात्र नीट ऐक. तिथे बहुधा वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी आणि समोरच्या लाटा भिडल्या की छोटी होडी सहज उलटते. म्हणून भरती चढत असतानाच आत शिर. तिथीची पाऊणपट केलीस की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते; अष्टमीला आठाची पाऊणपट, म्हणजे सहा वाजता. आजोबांच्या पिढीचं हे गणित मला फार प्रिय आहे, तरी भरतीचं कोष्टक जवळ ठेवच.

मुक्कामाला जयगड आणि विजयदुर्ग, दोन्ही चांगल्या आडोशाचे. मालवणला सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक आहेत. तिथल्या एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला विचारल्याशिवाय शिरू नकोस. आणि लाइफ जॅकेट अंगावरच हवं, होडीच्या तळाशी नको.