चार्जर लावून गेम खेळतानाही लॅपटॉपची बॅटरी उतरते. बॅटरी बदलावी का?

लगेच बदलू नका. तुम्ही म्हणता, तास-दीड तास गेम खेळलात की चार्जिंग १०० वरून ६०-६५ वर येतं आणि गेम बंद केला की पुन्हा चढतं. पुन्हा चढतंय, म्हणजे चार्जर, पिन आणि बॅटरी तिन्ही आपलं काम करताहेत. अशा वेळी कमी पडते ती बहुधा चार्जरची ताकद.

चार्जर उलटा करून बघा. स्टिकरवर बारीक अक्षरांत 'आउटपुट'ची ओळ असते. त्यातल्या व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार म्हणजे वॅट. १९.५ व्होल्ट, ६.१५ अँपिअर असेल तर साधारण १२० वॅट. आता खर्च मोजा. गेम ऐन रंगात असताना प्रोसेसरने ४५ वॅट घेतले, ग्राफिक्स कार्डने ८०, वर स्क्रीन, पंखे, एसएसडी यांचे १५, तर झाले १४०. तुटीचे २० वॅट लॅपटॉप बॅटरीतून ओढतो. बॅटरी ६० वॅट-अवरची, म्हणजे तासभर ६० वॅट देऊ शकणारी असेल तर तासाभरात तिचा एक तृतीयांश भाग संपला. तुमचा आकडा याच्या अगदी जवळ जातो.

मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. आमच्याकडे या तक्रारीसोबत बरेचदा बाजारातून आणलेला दुसरा चार्जर येतो. पिन बसली, लाइट लागला, म्हणून घेतलेला. मशीन १८० वॅट मागतं आणि चार्जर १२० चा. ऑफिसचं काम, सिनेमे सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशयच जात नाही. टाइप-सीचंही तेच. ६५ किंवा १०० वॅटवर लॅपटॉप चालू राहतो, जड गेम पेलत नाही. म्हणून कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलला किती वॅटचा चार्जर सांगितलाय ते बघा आणि शक्यतो कंपनीचाच घ्या. व्होल्ट तेवढेच हवेत. वॅट जास्त असले तर बिघडत नाही.

चार्जर मूळचाच असेल आणि थोडंसंच उतरत असेल, तर काही गेमिंग लॅपटॉपची रचनाच तशी असते. कमाल लोड आला की ते बॅटरीची मदत घेतात. लॅपटॉपच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये टर्बो मोडवरून बॅलन्स्डवर या आणि गेमच्या सेटिंगमध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ६० ला बांधून टाका. बहुतेक गेममध्ये एवढ्यानेच गळती थांबते. चार्जर गादीवर किंवा उशीखाली ठेवू नका, तो तापतो.

एवढं करूनही फरक पडला नाही तर मग बॅटरीकडे वळा. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये 'डिझाइन कपॅसिटी' (नवी असतानाची क्षमता) आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' (आता पूर्ण चार्जला मावते ती) शेजारी ठेवून बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बदलायला हरकत नाही.

मात्र टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालचं झाकण फुगलेलं वाटलं, तर यातलं काहीच करत बसू नका. बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि तसाच सर्व्हिस सेंटरला न्या.