दुरुस्ती उपकर भरतो, तरी चाळ टेकूवर का?

परवडणाऱ्या घरांसाठी शहराने वेगळा कर लावावा का, यावर सध्या बरीच चर्चा चालते. मुंबई शहरात असा कर 1969च्या कायद्यापासून आहे : जुन्या भाड्याच्या इमारतींवरचा दुरुस्ती उपकर. त्याबद्दल आलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : गिरगावात आमच्या भाडेपावतीवर दुरुस्ती उपकराची वेगळी रक्कम असते. आजोबांपासून भरतोय. तरी जिन्याखाली तीन वर्षं टेकू आहेत. पैसे जातात कुठे?

महापालिका मालमत्ता कराबरोबर उपकर गोळा करते. तो राज्य सरकारकडे जातो आणि तिथून म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाला पैसे मिळतात. तुमच्या चाळीचा उपकर तुमच्याच चाळीसाठी बाजूला ठेवलेला नसतो. सगळ्यांचे पैसे एकत्र होतात आणि धोका जिथे जास्त तिथे आधी खर्च होतात. हे तत्त्व मला योग्य वाटतं. दुखणं आहे ते जमा होणाऱ्या रकमेत.

उपकर करपात्र मूल्याच्या टक्केवारीने लागतो आणि करपात्र मूल्याचा पाया म्हणजे भाडं. पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या खोल्यांची भाडी 1940च्या दरांवर गोठवली गेली. 2000पासून वर्षाला 4 टक्के वाढवायची मुभा मिळाली, पण मूळ भाडंच इतकं लहान की त्यातून फारसं काही हाती येत नाही. सिमेंट, लोखंड, मजुरी मात्र आजच्या भावाने. म्हणून दुरुस्तीच्या खर्चाला प्रति चौरस मीटर मर्यादा आहे. अंदाजपत्रक तिच्यावर गेलं की वरची रक्कम रहिवाशांनी भरायची किंवा आमदार निधीतून मिळवायची. दोन्ही जमलं नाही की काम अडतं आणि तात्पुरता म्हणून लावलेला टेकू तसाच राहतो.

अर्ज मंडळाच्या तुमच्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे द्या. 'इमारत खराब झाली आहे' असं मोघम लिहू नका. कोणत्या मजल्यावरची कोणती तुळई वाकली, तडा कुठून कुठे गेला, टेकू कधी लावला, हे फोटोंसह लिहा आणि पोच घ्या. तुळया, खांब, स्लॅब, जिना, भारवाहक भिंती ही मंडळाची कामं. रंग आणि लादीसाठी अर्ज केलात तर तो बाजूला पडेल.

प्रश्न : आमची इमारत 'ब' वर्गात आहे म्हणतात. म्हणजे काय?

1 सप्टेंबर 1940पूर्वीच्या इमारती 'अ', त्यानंतर 1950अखेरपर्यंतच्या 'ब' आणि 1951 ते 30 सप्टेंबर 1969पर्यंतच्या 'क'. उपकराचा दर वर्गानुसार ठरतो.

प्रश्न : विलेपार्ल्यात आमची 1962ची भाड्याची इमारत आहे. मंडळ दुरुस्ती करेल का?

नाही. उपकर फक्त शहर भागात, म्हणजे माहीम-शीवपर्यंत. उपनगरात दुरुस्ती मालकाची जबाबदारी आणि धोकादायक इमारतीला नोटीस देते महापालिका, तिच्या कायद्यातल्या कलम 354खाली. पुनर्विकासासाठी मात्र विकास नियंत्रण नियमावलीत 33(7)(अ) ही तरतूद आहे. आपल्या वास्तुविशारदाला तिच्याबद्दल जरूर विचारा.

प्रश्न : जुन्या भाडेकरूंकडून चिल्लर गोळा करण्यापेक्षा महागड्या घरांवर कर का लावत नाहीत?

हाच प्रश्न व्हिएन्ना शहराने 1923मध्ये सोडवला. तिथले वित्तप्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी घरांवर चढत्या दराचा कर आणला. छोट्या घराला नाममात्र, आलिशान घराला कित्येक पट. हा पैसा फक्त घरबांधणीसाठी राखीव होता. 1934पर्यंत शहराने 60 हजारांहून अधिक घरं बांधली. एकट्या कार्ल मार्क्स होफमध्ये 1,382.

मुंबईत घर घेताना 6 टक्के मुद्रांक शुल्क लागतं. त्यातला 1 टक्का मेट्रो उपकर. एक कोटीच्या घरामागे एक लाख रुपये वाहतूक प्रकल्पांसाठी. मेट्रो हवीच. पण बाजारभावाबरोबर वाढणारं उत्पन्न मेट्रोला आणि गोठलेल्या भाड्यावरचं उत्पन्न कोसळायला आलेल्या चाळींना, ही वाटणी मला अन्यायाची वाटते. उपकरप्राप्त, म्हणजे उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीच्या जागेवर टॉवर उभा राहतो, त्यातली विक्रीची घरं कोट्यवधींना जातात. निदान त्या व्यवहारांच्या मुद्रांक शुल्कातला ठरावीक हिस्सा दुरुस्ती मंडळाला थेट मिळावा आणि त्याचा विभागवार जमाखर्च दरवर्षी जाहीर व्हावा. जमाखर्च डोळ्यांसमोर नसेल तर नव्या करावर कोणाचा विश्वास बसणार?

प्रश्न : मी मालक आहे. भाडं तुटपुंजं, दुरुस्ती परवडत नाही, आणि इमारत सरकार घेईल अशी भीती. खरं काय?

दोन तरतुदींची गल्लत होते आहे. पहिली, म्हाडा कायद्यात 1986मध्ये झालेल्या बदलानुसार 70 टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेसाठी मासिक भाड्याच्या 100 पट देऊन मालमत्ता संपादित करता येते. मालकांनी तिला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापर्यंत गेलं. 5 नोव्हेंबर 2024ला निकाल आला की प्रत्येक खासगी मालमत्ता आपोआप समाजाची भौतिक साधनसंपत्ती, म्हणजे सर्वांच्या हितासाठी वाटता येणारी संपत्ती ठरत नाही.

दुसरं म्हाडा कायद्यातलं कलम 79अ. इमारत धोकादायक जाहीर झाली की पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला मालकाला सहा महिने मिळतात. मालक गप्प राहिला तर रहिवाशांच्या नियोजित संस्थेला सहा महिने, त्यानंतर म्हाडा. म्हणजे पहिली संधी तुमचीच आहे. नोटिशीची तारीख लिहून ठेवा आणि 51 टक्के रहिवाशांच्या संमतीपत्रांवर पहिल्या महिन्यातच सह्या सुरू करा. वारसांची नावं भाडेपावतीवर चढलेली नसली की सहा महिने नेमके तिथेच सरतात.