केमॅलॉकच्या आत दडलेलं लॉक

लिनक्सच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) मेमरी वाटून देणाऱ्या मेमरी अ‍ॅलोकेटरमधल्या लॉकच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपांच्या) क्रमाबद्दल या वेळी इतके प्रश्न आले आहेत, की बाकीचे विषय पुढच्या वेळेसाठी ठेवले आहेत.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, अंबाझरीजवळ राहते. प्रोजेक्टसाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला. त्यात बफरांचा साठा आहे आणि मेमरी कमी पडली की तो रिकामा करणारा श्रिंकर आहे. लॉकचा क्रम तपासणारा लॉकडेप 'सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी'ची, म्हणजे लॉक एकमेकांसाठी अडून बसण्याच्या फेऱ्याची, तक्रार करतो, पण मशीन आजवर एकदाही अडकलेलं नाही. तक्रार सोडून दिली तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. मशीन अडकलं की नाही, हे लॉकडेप बघतच नाही. इंगो मोल्नार यांनी लिहिलेलं हे साधन २००६ मध्ये, २.६.१८ आवृत्तीत, कर्नलमध्ये आलं. कोणतं लॉक हातात असताना कोणतं घेतलं याची ते नोंद ठेवतं आणि नोंदींचं वर्तुळ पुरं झालं की ओरडतं. 'अ' धरून 'ब' आणि 'ब' धरून 'अ' घेण्याचे दोन्ही प्रसंग तासाभराच्या अंतराने घडले असले, तरी त्याला फरक पडत नाही. म्हणूनच ते एवढं मोलाचं आहे : अपघात होण्याआधीच तो होऊ शकतो हे कळतं.

तुमच्या रिपोर्टमधलं एक नाव तुमच्या कोडमध्ये शोधून सापडणार नाही : 'एफएस-रिक्लेम'. ते खरं लॉक नाही. 'मी आता मेमरी परत मिळवायच्या कामात शिरू शकतो' एवढंच सांगणारी ती खूण आहे. जीएफपी-कर्नल (गरज पडली तर थांबून मेमरी मोकळी करण्याची मुभा देणारा पर्याय) देऊन केमॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) केलं, की मेमरी भरपूर असली तरी ही खूण नोंदली जाते. त्यामुळे केमॅलॉक लिहिलं तिथे एक लॉक घेतलं, असंच धरून चाला. माझं या विषयातलं सगळं सांगणं या एका वाक्यात येतं.

आता रिपोर्ट वाचा. वरच्या दोन ओळी म्हणतात : केस्वॅपडी (मेमरी परत मिळवणारा कर्नलचा थ्रेड) तुमचं म्युटेक्स (न मिळाल्यास झोपून वाट बघायला लावणारं लॉक) घ्यायला बघतोय, आणि त्याच्या हातात आधीच एफएस-रिक्लेम आहे. म्हणजे श्रिंकरचा रस्ता. खाली साखळी उलट्या क्रमाने छापलेली असते. त्यातल्या 'क्रमांक १'च्या स्टॅकमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं त्या यादीत) तुमचं बफर देणारं फंक्शन दिसेल : म्युटेक्स हातात आणि आत केमॅलॉक. बहुतेक जण शून्य क्रमांकाचा स्टॅक बघून थांबतात, कारण तक्रार तिथे झाली. चूक बऱ्याचदा क्रमांक १मध्ये असते.

इलाज सरळ आहे. मेमरी आधी मागा, म्युटेक्स नंतर घ्या. मेमरी न लागल्यास म्युटेक्स सोडल्यावर ती परत करा. ते जमत नसेल तर श्रिंकरमध्ये ट्रायलॉक (लगेच मिळालं तरच लॉक घेणारं फंक्शन) वापरा आणि लॉक मिळालं नाही तर श्रिंक-स्टॉप ('आता थांबा' हे उत्तर) परत करून निघा. एक मोह मात्र कटाक्षाने टाळा : जीएफपी-कर्नलच्या जागी जीएफपी-नोएफएस (फाइलसिस्टममध्ये शिरण्याची मुभा नसलेला पर्याय) घालणं. लॉकडेप लगेच गप्प होईल, कारण एफएस-रिक्लेमची खूण फाइलसिस्टमची मुभा असलेल्या मागण्यांवरच लागते. पण श्रिंकर तरीही बोलावला जातो. फाइलसिस्टमचे श्रिंकर ती मुभा तपासून मागे फिरतात, तुमचा तपासत नाही. मग तोच थ्रेड स्वतःच्याच म्युटेक्सवर कायमचा थांबेल, आणि या वेळी आधी सांगणारं कोणी नसेल.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचं युनिट आहे. चार कोरचा बोर्ड मे महिन्यात दुपारी अडकून राहतो. सगळे म्हणतात उन्हामुळे. खरं आहे का?

उत्तर : नागपूरच्या मेमध्ये बंद डब्यातला बोर्ड तापणारच, त्यामुळे शंका रास्त आहे. पण तापलेल्या मेमरीचे दोष जागा बदलतात : आज हा पत्ता बिघडला, उद्या तो. प्रत्येक वेळी तीच दोन फंक्शन्स एकमेकांसाठी थांबलेली दिसत असतील, तर तो लॉकचा क्रम आहे. ऊन त्यात निमित्त ठरू शकतं. चिप तापली की प्रोसेसरचा वेग उतरवला जातो, वेळा सरकतात आणि एरवी न जुळणारी गाठ जुळते.

म्युटेक्सवर थांबलेला टास्क १२० सेकंदांनी 'हंग टास्क' म्हणून लॉगमध्ये येतो. स्पिनलॉकचं तसं नाही. तिथे कोर गोल फिरत राहतो आणि साधारण २० सेकंदांनी सॉफ्ट लॉकअपचा इशारा येतो. छोट्या मागण्या पुरवणाऱ्या स्लब अ‍ॅलोकेटरचं लिस्ट-लॉक तर इंटरप्ट (हार्डवेअरकडून येणारे व्यत्यय) बंद करून घेतलं जातं, त्यामुळे तिथे तो इशाराही येत नाही. इंटरप्ट बंद असतानाही अडकलेला कोर ओळखणारा हार्ड लॉकअप डिटेक्टर चालू हवा. कर्नलचा लॉग केबलने दुसऱ्या मशीनवर दाखवणारा सीरियल कन्सोल जोडून ठेवा. अडकल्यावर कन्सोल उत्तर देत असेल तर मॅजिक सिसआरक्यूची (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीची) तीन अक्षरं द्या : डब्ल्यूने थांबलेले टास्क, एलने चालू कोरांचे स्टॅक, आणि लॉकडेप असलेल्या बिल्डमध्ये डीने कोणाच्या हातात कोणतं लॉक, ते दिसतं. शिवाय लॉकडेपचा बिल्ड थंड खोलीतही चालवून बघा. वर म्हटल्याप्रमाणे त्याला अडकण्याची वाट बघावी लागत नाही.

प्रश्न : लॉकडेपने एक रिपोर्ट दिला आणि मग दिवसभर काहीच नाही. बाकी कोड स्वच्छ समजू का?

उत्तर : मुळीच नाही. पहिल्या रिपोर्टनंतर तो स्वतःला बंद करतो. प्रॉक फोल्डरमधल्या लॉकडेप-स्टॅट्स फाइलमध्ये डीबग-लॉक्सची ओळ शून्य दाखवत असेल, तर तो झोपलेला आहे. दुरुस्ती करा, रीबूट करा, पुन्हा चालवा.

प्रश्न : गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये काम करतो. आमच्या मॉड्यूलमध्ये रॉ स्पिनलॉक धरून, न झोपता मेमरी मागणाऱ्या जीएफपी-अ‍ॅटॉमिकने मेमरी मागतो. साध्या कर्नलवर वर्षानुवर्षं चाललं, रिअल-टाइम (ठरल्या वेळेत प्रतिसाद देणाऱ्या) कर्नलवर लॉकडेपची 'इनव्हॅलिड वेट कॉन्टेक्स्ट' ही तक्रार येते. अ‍ॅटॉमिक म्हणजे झोपणार नाही ना?

उत्तर : रिअल-टाइम कर्नलवर ती हमी उरत नाही. तिथे साधं स्पिनलॉक आतून झोपणारं लॉक होतं. रॉ स्पिनलॉक तेवढं पहिल्यासारखं राहतं. मेमरीची पानं (पेजेस) वाटणाऱ्या झोनचं लॉक साधं स्पिनलॉक आहे. म्हणजे तुम्ही न झोपणारं लॉक धरून झोपू शकणाऱ्या लॉककडे जाताय. कोणतंही जीएफपी घातलं तरी क्रम चुकलेलाच. मेमरी परत करणाऱ्या केफ्रीलाही हेच लागू. मेमरी आधी घ्या, सोडायच्या वस्तू यादीत लावा आणि लॉक सोडल्यावर मोकळ्या करा. रिअल-टाइम कर्नल देणारा प्रीएम्प्ट-आरटी २०२४ मध्ये ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे, त्यामुळे हे आता 'नंतर बघू'चं काम नाही. कर्नल बिल्ड करताना 'प्रूव्ह रॉ लॉक नेस्टिंग' हा पर्याय चालू केलात तर साध्या बिल्डमध्येही ही चूक पकडली जाते.

प्रश्न : अ‍ॅलोकेटरमधला घोळ शोधायला झोन-लॉकच्या आत प्रिंटके (कर्नलचा संदेश छापणारं फंक्शन) टाकला. आता त्यामुळेच मशीन अडकतं. असं कसं?

उत्तर : तुमचा कोर झोन-लॉक धरून प्रिंटकेत गेला, तिथून सीरियल पोर्टच्या लॉककडे. त्याच वेळी दुसरा कोर पोर्टचं लॉक धरून आलेली अक्षरं टीटीवायच्या (टर्मिनल सांभाळणाऱ्या भागाच्या) बफरात भरतोय. बफर संपला, त्याने मेमरी मागितली आणि तो झोन-लॉकपाशी आला. दोघंही थांबले. प्रिंटके काढून तिथे ट्रेस-प्रिंटके घाला. तो आधीच राखून ठेवलेल्या रिंग बफरात लिहितो, कन्सोलकडे जात नाही. मग तोच लोड लॉकडेपसह चालवा आणि रिपोर्ट मला पाठवा, पण स्टॅकच्या ओळी कापू नका.