बूस्ट चढला म्हणजे ताकद वाढली का?

निपाणीच्या एका वाचकांनी विचारलंय. त्यांच्याकडे सुपरचार्जरवाली, म्हणजे इंजिनात हवा ढकलणारा पंप असलेली, जुनी परदेशी गाडी आहे. तिला बाहेरून बसवलेला बूस्टचा काटा हल्ली पूर्वीपेक्षा वर जातो, पण गाडी मात्र ‘वडंना’, म्हणजे ओढेना. एक मिस्त्री म्हणाला, बूस्ट वाढलाय म्हणजे ताकद वाढलीच, तुम्हाला भास होतोय. दुसरा म्हणाला, बूस्टचा आणि ताकदीचा काही संबंधच नाही. प्रश्न असा: बूस्टला मराठीत काय म्हणावं, आणि दाब, जोर, ताकद, शक्ती यांतला कुठला शब्द कुठं वापरावा?

पहिल्या मिस्त्रीचं वाक्य चूक आहे, दुसऱ्याचं निम्मं बरोबर. दोघांचा घोळ शब्दातूनच सुरू होतो, म्हणून आधी शब्दच उकलू.

इंग्रजीत बूस्ट म्हणजे खालून वर ढकलणं, उचलून धरणं. आपल्याकडे हा शब्द गॅरेजमध्ये यायच्या आधी दुधात कालवायच्या पावडरीच्या डब्यावरून घरात आला, कपिलदेवच्या जाहिरातीसकट. त्यामुळे बूस्ट म्हटलं की अंगात रग भरली असंच डोक्यात येतं. इंजिनाच्या बाबतीत ते तसं नाही. तिथं बूस्ट म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या नळकांड्यातला, हवेचा दाब. आणि तोसुद्धा बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जेवढा जास्त असेल तेवढाच.

सुपरचार्जर हा इंजिनाच्याच क्रँकवरून, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यावरून, पट्ट्यानं फिरणारा हवेचा पंप. (टर्बो वेगळा, तो धुराच्या झोतावर फिरतो.) सुपरचार्जरचा रूट्स नावाचा प्रकार तर मुळात गाडीसाठी नव्हताच. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढं तो भट्ट्यांना वारा घालायला आणि खाणीत हवा खेळवायला वापरला गेला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. असा पंप प्रत्येक फेऱ्याला ठरलेली हवा पुढं ढकलतो. इंजिन त्यातली गिळेल तेवढी गिळतं. गिळण्यापेक्षा ढकललेली जास्त झाली की हवा मध्ये तुंबते, आणि काटा दाखवतो तो या तुंबलेल्या हवेचा दाब.

तुंबणे हे क्रियापद इथं नेमकं बसतं. गटार तुंबतं ते पाऊस जास्त झाला म्हणूनही, आणि पुढं कचरा अडकला म्हणूनही. पाण्याची पातळी बघून यातलं काय झालंय ते कळत नाही. बूस्टचं अगदी तसंच. सुपरचार्जरची पुली लहान बसवली तर तो जास्त फिरतो, जास्त हवा ढकलतो, काटा चढतो आणि गाडी जास्त ओढते. पण सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून चोंदला, तर जळलेला धूर बाहेर निघत नाही, म्हणून नवी हवा आत शिरत नाही, ती मागं तुंबते; काटा याही वेळी चढतो आणि गाडी मात्र ओढत नाही. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करणारी टायमिंगची चेन किंवा पट्टा एखादा दात सरकला तरी हाच प्रकार होतो. उलट धुराची वाट मोकळी केली, हेडमधली भोकं घासून गुळगुळीत केली, की इंजिन जास्त हवा गिळतं, तुंबते कमी, बूस्ट उतरतो आणि गाडी जास्त ओढते. निपाणीच्या गाडीची पुली कुणी बदललेली नसेल तर काटा चढणं ही खुशीची बातमी नव्हे. धुराची वाट आधी तपासा.

आपली चूक होते ती टायरमुळे. पंक्चरच्या दुकानात आपण ‘तीस हवा भर’ म्हणतो. तिथं हवा हा शब्दच दाबाच्या अर्थी वापरतो, आणि तो खपूनही जातो, कारण टायर बंद असतो: हवा जास्त भरली की दाब जास्त. इंजिन दोन्ही बाजूंनी उघडं असतं. तिथं दाब आणि हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ताकद येते ती आत गेलेल्या हवेतून.

तेव्हा मराठी शब्द. बूस्टला बूस्टच म्हणा, मिस्त्रीशी बोलताना दुसरं काही म्हणून उपयोग नाही. समजावून सांगायचं असेल तर मी ‘वरकड दाब’ म्हणेन. वरकड म्हणजे वरचा, जादा. वरकड खर्च आपण म्हणतोच. ‘अतिभरण’सारखा शब्द घडवता येईल, पण तो पाटीवर शोभेल, तोंडात बसायचा नाही. आणि कृपा करून ‘हवेचा दबाव’ लिहू नका. हिंदीत दबाव चालतो. मराठीत यंत्राला दाब, माणसाला दबाव आणि मनाला दडपण. रक्तदाब म्हणतो, रक्तदबाव कुणी म्हणत नाही.

वरकड म्हटलं की कशाच्या वर, हे आपोआप विचारलं जातं, हाही या शब्दाचा फायदा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर. समुद्राकाठी हवेचा दाब १४.७ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो, तो इथं १३.४ च्या आसपास भरतो. पट्ट्यावरचा सुपरचार्जर, आरपीएम (मिनिटाचे फेरे) तेच असतील तर, आलेल्या हवेचा दाब ठराविक पटीनं वाढवतो. म्हणून पणजीत ८ पीएसआय दाखवणारी गाडी इथं ७.३ च्या जवळपास दाखवेल, काहीही बिघाड नसताना. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात गेल्यावर ‘गाडी सुधारली’ असं सांगणाऱ्यांची गाडी सुधारलेली नसते, हवा दाट झालेली असते.

आता ‘वडंना’. ओढत नाही आणि ओढेना यांत फरक आहे. ओढत नाही ही नुसती नोंद. ओढेना, आपल्याकडचं वडंना, यात पूर्वी ओढायची आणि आता सांगूनही ऐकत नाही ही तक्रार येते. मिस्त्रीला हे रूप फार कामाचं, कारण पुढचा प्रश्न लगेच सुचतो: कधीपासून आणि कुठल्या आरपीएमला वडंना? कन्नड बोलणारा मिस्त्री असेल तर तो ‘दम इल्ला’ म्हणेल, दम दोन्हीकडचा. बूस्ट उतरलेला असेल तर या ‘कुठल्या आरपीएमला’वरच निदान उभं राहतं. खाली काटा नीट चढतो आणि वर गेल्यावर अडकतो किंवा पडतो, तर पट्टा घसरतोय. पुलीवर चकाकी आणि आसपास काळी रबराची भुकटी दिसते. चोंदलेला एअर फिल्टरही वरच्या आरपीएमलाच त्रास देतो. सगळीकडेच थोडा थोडा कमी असेल तर होज किंवा क्लॅम्पमधून गळती. हलका दाब देऊन साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे सांगतात. काटा जवळपास उठतच नसेल तर हवा परत मागं सोडणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. आणि काट्याकडं जाणारी बारीक नळी तडकली असेल तर गाडी ठणठणीत, खोटं बोलतो तो काटा.

बूस्ट तोच, पण ताकद गेली, असंही होतं. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ. नळकांड्यातली हवा ४० अंशांवरून ७० अंशांवर गेली तर त्याच दाबाला साधारण ९ टक्के हवा कमी आत जाते. काट्याला याचा पत्ताही लागत नाही.

राहिली ताकद आणि शक्ती. मराठी शाळेच्या विज्ञानात बल, दाब, कार्य, ऊर्जा, शक्ती हे पाचही शब्द वेगवेगळे आहेत, आणि शक्ती म्हणजे काम करण्याचा वेग. सीमाभागात इथंच गंमत होते. कन्नड माध्यमाच्या पुस्तकात शक्ती म्हणजे आपली ऊर्जा, आणि आपल्या शक्तीला ते सामर्थ्य म्हणतात. एका घरात एक मूल मराठी शाळेत आणि एक कन्नड शाळेत असेल तर ‘इंजिनाची शक्ती’ या दोन शब्दांवरून भांडण ठरलेलं. अश्वशक्ती मात्र दोन्ही भाषांत अश्वशक्तीच. म्हणून मोजलेला आकडा सांगायचा असेल तर अश्वशक्ती किंवा किलोवॅट म्हणा. ताकद हा शब्द गप्पांसाठी ठेवा. जोर हा माझ्या मते टॉर्कच्या, म्हणजे फिरवण्याच्या बळाच्या, जवळचा: चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अंगाला जाणवतो तो जोर. टॉर्कला ‘पीळ’ म्हटलं तर अर्थानं आणखी नेमकं होईल, पण ‘गाडीला पीळ आहे’ म्हटल्यावर ऐकणारा मालकाकडं बघेल.

अश्वशक्ती बूस्टच्या काट्यावर कधीच दिसत नाही, ती मोजावी लागते. डायनो नावाच्या मोजणीयंत्राच्या रोलरवर चाकं फिरवून टॉर्क आणि आरपीएम घेतात, त्यावरून हिशेब करतात: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९, की किलोवॅट. ब्रेक हॉर्सपॉवरमधला (बीएचपी) ब्रेक याच घराण्यातला. फ्रान्सच्या प्रोनी यांनी १८२१ मध्ये फिरत्या शाफ्टला घर्षणानं अडवून शक्ती मोजायची युक्ती काढली, तिथून तो शब्द आला. गाडीच्या ब्रेकशी त्याचं नातं नाही. रोलरवर मिळते ती चाकाशी उरलेली शक्ती, जाहिरातीत असते ती इंजिनाच्या क्रँकवरची. दोन्हींची तुलना करून ‘चोरी झाली’ म्हणू नये.

डायनो गावोगावी नसतो. मग घड्याळ वापरा. १४०० किलोची गाडी सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून १०० वर ५ सेकंदांत गेली, तर नुसता वेग वाढवायला सरासरी ६९ किलोवॅट, म्हणजे ९४ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) लागले. वारा कापायला आणि टायर लोळवायला गेली ती शक्ती निराळी. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर तोच रस्ता, तोच गिअर, तेवढंच वजन आणि तशीच हवा ठेवून वेळ घेतली, तर निपाणीचा वाद काट्याकडं न बघता मिटेल. आकडा लिहून ठेवताना पीएस की बीएचपी तेही लिहा. १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी, आणि एवढ्याशा फरकावरूनही लोक इंजिन उघडायला निघतात.