लेसर प्रोटॉनला ढकलत नाही, इलेक्ट्रॉनला ढकलतो

भावा, शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करताकरता हा प्रश्न पडला, लई बरं वाटलं. तू दोन गोष्टी विचारल्यास, लेसर आयनला (चार्ज असलेल्या अणूला, प्रोटॉन हा त्यातला सगळ्यात हलका) थेट ढकलतो का आणि प्रोटॉन थेरपीचं, म्हणजे प्रोटॉनच्या झोतानं कॅन्सरवर उपचार करायचं, मशीन त्यामुळं छोटं होऊन कोल्हापुरात बसेल का.

थेट नाही. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड, आजच्या लेसरपुढं तो जागचा फारसा हलत नाही. इलेक्ट्रॉन मात्र चौरस सेंटीमीटरला 10 चा 18वा घात वॅटच्या पुढं गेलं की जवळपास प्रकाशाच्या वेगानं सुटतात, लेसरसमोर ठेवलेल्या काही मायक्रॉन जाडीच्या फॉइलमधनं आरपार जातात, पण फॉइलवर उरलेला पॉझिटिव्ह चार्ज त्यांना लांब जाऊ देत नाही, मग मागच्या बाजूला त्यांचा पातळ थर जमतो आणि तिथं मीटरला लाख कोटी व्होल्टच्या घरातलं फील्ड तयार होतं. नेहमीच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये एक ते दहा कोटीच्या आसपास मर्यादा येते, पुढं स्पार्किंग. ह्या फील्डनं आयन खेचले जातात, ह्यालाच टीएनएसए (टार्गेट नॉर्मल शीथ अ‍ॅक्सिलरेशन) म्हणतात.

आणि फॉइल सोन्याची असली तरी प्रोटॉनच निघतात! ते येतात पृष्ठभागावर चिकटलेल्या पाण्याच्या वाफेतनं आणि पंपाच्या तेलाच्या अंशातनं. 2000 साली अमेरिकेतल्या लिव्हरमोर लॅबच्या पेटावॉट लेसरवर असेच 58 एमईव्हीपर्यंतचे (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, कणाची एनर्जी मोजायचं एकक) प्रोटॉन मिळाले.

आता मशीनचं. शरीरात 30 सेंटीमीटर आत जायला 220-230 एमईव्ही लागतात, जर्मनीत ड्रेस्डेनच्या ड्राको लेसरवर 150 पर्यंत मजल गेलीय, 2024 ला पेपर आला. पण माझ्या मते खरी अडचण आकड्याची नाहीच, एनर्जीच्या पसाऱ्याची आहे. लेसरच्या शॉटनंतर प्रोटॉनच्या वाटेत ठेवलेला, रेडिएशननं निळ्या पडणाऱ्या फिल्मचा गठ्ठा उघडला की पहिल्या फिल्मवर मोठा निळा डाग दिसतो, आत जाईल तसा तो बारीक आणि फिकट होत जातो, म्हणजे कमी एनर्जीचेच ढीगभर आणि तेही फाकलेले, वरच्या एनर्जीचे मोजके. पेशंटला असा डोस देता येत नाही, शिवाय प्रत्येक शॉट सारखा यायला पाहिजे. मुख्य पल्सच्या आधी थोडा जरी प्रकाश गळला तरी फॉइल आधीच फुगते आणि सगळं बिघडतं, म्हणून प्लाझ्मा मिरर (आधीचा मंद प्रकाश सोडून देऊन फक्त तीव्र मुख्य पल्स परतवणारा आरसा) लावतात. तेव्हा सध्या तरी पेशंटला नवी मुंबईत खारघरच्या प्रोटॉन थेरपी केंद्रातच जायला लागतं.

तुला ह्यात पडायचं असेल तर डेबाय लेंग्थ (प्लाझ्मात एका चार्जचा परिणाम जेवढ्या अंतरापर्यंत जाणवतो ते अंतर) पक्की कर, फॉइलमागच्या इलेक्ट्रॉनच्या थराची जाडी तिच्यावरच ठरते, आणि मुंबईत टीआयएफआर नाहीतर इंदूरला आरआरकॅट ह्या लेसर आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या सरकारी संशोधन संस्थेत प्रोजेक्टसाठी अर्ज टाक, दोन्हीकडं असे लेसर आहेत.